करंजेल आणि आमची जीप

करंजेलाचा तो उग्र, कडवट वास आमच्या बालपणाशी कायमचा जोडला गेला आहे. अंगाला खरूज झाली की आजी हेच तेल चोळीत असे, आणि गोठ्यातल्या दिव्यातही तेच जळत असे. खानापूरकडच्या आमच्या शेतात, ओढ्याच्या काठाने करंजाची आठ-दहा झाडे उभी आहेत. ती कोणी लावली, हे घरात कोणालाच ठाऊक नाही.

२००५ च्या सुमारास आमच्या वाचनात एक हकीकत आली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीने मांडलेले एक छोटे डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालले, आणि ते फारच थोड्या लोकांच्या ध्यानी आले, असे खुद्द रूडॉल्फ डिझेल यांनी पुढे १९१२ मध्ये नमूद केले. शिवाय ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस ५ टक्के बायोडिझेल मिसळून धावली होती. एवढ्या भांडवलावर आमच्या अंगात संचार झाला. घाण्यावरून करंजेल आणले, धोतराच्या फडक्यातून गाळले आणि निम्म्याला निम्मे डिझेल घालून आमच्या जुन्या जीपला पाजले. आमचे वडील, अण्णा, ओसरीवर बसून हा सोहळा पाहत होते. एवढेच म्हणाले, "काय पाजतोस ते त्या इंजिनाला तरी विचारलास काय?"

महिनाभर जीप उत्तम चालली. आम्ही भेटेल त्याला बचतीचा हिशेब सांगत सुटलो. पुढे पौष उजाडला. एका पहाटे अण्णांच्या छातीत कळ आली, आणि जीप काही केल्या सुरू होईना. थंडीने तेल दाट झाले होते. शेजाऱ्यांच्या टेम्पोत, ऊस भरायच्या ताडपत्रीवर अण्णांना निजवून बेळगाव गाठले. अण्णा वाचले. त्या प्रवासात मात्र त्यांचा हात हातात घेऊन बसलेल्या आम्हांला एकही शब्द उच्चारवला नाही.

मिस्त्रीने इंजिन उघडले. नॉझलवर काजळीचे खडे जमले होते, रिंगा चिकटल्या होत्या, ऑइल घट्ट झाले होते. "मालक, दिव्याचं त्याल हिच्यात घातलासा व्हय?" त्याने विचारले. आम्ही मान खाली घातली.

तेल आणि बायोडिझेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे आम्ही त्यानंतर शिकलो. वनस्पतीचे कच्चे तेल डिझेलच्या दसपटीहून दाट असते. त्याचा फवारा नीट उडत नाही आणि ते अर्धवट जळते. त्यात मिथेनॉल व थोडा कॉस्टिक सोडा घालून ऊब दिली की खाली जड ग्लिसरीन बसते आणि वर पातळ बायोडिझेल राहते. ते धुऊन, त्यातले पाणी घालवून मगच वापरायचे. तेल आंबलेले असेल, तर सोड्याने त्याचा साबणच होतो. बायोडिझेलने टाकीतला जुना मळ सुटून फिल्टर तुंबतो आणि जुन्या रबरी नळ्या फुगतात, हेही पुढे कळले.

आमच्याच कर्नाटकात भारतीय विज्ञान संस्थेचे प्रा. उडुपी श्रीनिवास यांनी करंजाच्या, म्हणजे कन्नडमधील होंगेच्या तेलावर खेड्यांतली इंजिने चालवून दाखविली. पण तिथे इंजिनाचा स्वभाव पाहून तेल दिले होते. आमच्यासारखा उतावळेपणा नव्हता.

उतावळेपणा आमच्यापुरताच होता असेही नाही. २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले. भिस्त होती ती मोगली एरंडावर. माळरानावर, पाण्यावाचून तो भरघोस फळेल ही आशा फोल ठरली. आमच्या थोरल्या बंधूंनीही अर्ध्या एकरात तो लावून पुढे उपटून टाकला. २०१८ च्या धोरणाने बायोडिझेलचे उद्दिष्ट २०३० पर्यंत ५ टक्क्यांवर आणले. त्याच वर्षी तळणीचे वापरलेले तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याचा उपक्रमही अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सुरू केला. भज्यांच्या कढईतले तेल पुन्हा पोटात जाण्यापेक्षा इंजिनात गेलेले बरे, हे आम्हांला मनापासून पटते.

अण्णा त्यानंतर सहा वर्षे होते. त्या पहाटेचा विषय त्यांनी कधीही काढला नाही, आणि क्षमा मागण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. जीप केव्हाच भंगारात गेली. करंज मात्र अजून उभे आहेत. वाळलेल्या शेंगा आम्ही अजूनही वेचतो, घाण्यावर नेतो आणि बाटलीभर करंजेल घरी आणतो. अण्णांच्या तिथीला ओसरीवर त्याचा एक दिवा लावतो. गाडीत मात्र एक थेंबही घालीत नाही.