जीप बंद पडत होती तेव्हा

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात एक किस्सा हटकून निघतो. तापाने फणफणलेल्या एका मुलाला घेऊन रात्री निघालेली शाळेची जीप फाटकापाशीच बंद पडली आणि मोठ्या मुलांनी त्याला खाटेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत वाहून नेले, हा तो किस्सा. सांगणारा प्रत्येक जण त्याला ‘ड्रायव्हरच्या हलगर्जीपणामुळे’ असे शेपूट जोडतो. मागील स्मरणिकेतील एका लेखातही ते शब्द आले. या वेळी आम्हासही काही लिहून द्यावे असा निरोप आला, तेव्हा आम्ही चौघांनी एकत्र बसून ठरविले की, लिहायचे तर हेच लिहावे.

आम्ही चौघे म्हणजे त्या वर्षी नववीत असलेले आणि वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहणारे चार जण. आमच्यापैकी दोघे पुढे आय.टी.आय.तून मोटार मेकॅनिक झाले; त्यातील एक एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झाला, दुसऱ्याचे स्वतःचे गॅरेज आहे. तिसरा शिक्षक, चौथा धानाची शेती करतो. या लेखातील इंजिनाची माहिती पहिल्या दोघांची, वाक्ये तिसऱ्याची. चौथ्याने फक्त बजावले की, आपली बाजू सावरून लिहू नका.

शाळेकडे तेव्हा एकच वाहन होते. महिंद्राची डिझेल जीप, तीही वापरून झालेली, कोणा देणगीदाराच्या कृपेने मिळालेली. तांदळाची पोती, खडूंची खोकी, बोर्डाच्या परीक्षेला जाणारी मुले, पाहुणे आणि आजारी विद्यार्थी या सर्वांची ने-आण तीच करी. तिचा डिझेलचा काटा कधीच निकामी झाला होता. म्हणून काका टाकीचे झाकण काढून आत बांबूची काडी बुडवीत आणि ओल किती वर आली ते पाहत. काका म्हणजे आपले ड्रायव्हरकाका. ते रोजंदारीवर होते. पगारपत्रकावर त्यांचे नाव यायला पुढे बरीच वर्षे लागली.

रविवारी सकाळची वंदना आणि न्याहारी आटोपली की नाल्यावर जीप धुण्याचा मान आमच्या खोलीकडे असे. पावसाळ्यातील अशाच एका रविवारी काका गावात गेले असताना आम्ही काकांची नक्कल करीत टाकीत काडी बुडविली. झाकण मडगार्डवर ठेवले होते. ते घरंगळले आणि गढूळ पाण्यात गेले. तासभर नाल्याचा तळ चाचपला, पण झाकण मिळाले नाही. जीप पुसायला आणलेल्या जुन्या खाकी चड्डीचा एक तुकडा फाडून, त्याचा बोळा करून आम्ही टाकीच्या तोंडात कोंबला. त्या तुकड्यावर काळ्या शाईने 27 हा आकडा होता. वसतिगृहाच्या कपड्यांवर धुलाईसाठी ज्याचा त्याचा क्रमांक घातलेला असे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल.

दुसऱ्या दिवशी काकांनी पाहिले तेव्हा झाकणही नव्हते आणि बोळाही नव्हता. “झाकण कुठं गेलं रे पोट्टेहो?” त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, ठाऊक नाही. खड्ड्यांत उसळून पडले असेल असे समजून त्यांनी तालुक्याहून नवे झाकण आणले. बोळाही तसाच रस्त्यात कुठेतरी पडला असावा, असे आम्ही समजलो. खरे तर समजून घेतले. चौथे शील म्हणताना आमचा आवाज काही दिवस जरा खाली येत असे, इतकेच.

साधारण पंधरा दिवसांनी जीपचे दुखणे सुरू झाले. पहिल्या सेल्फला इंजिन सुरू होई, मिनिटभर व्यवस्थित चाले, मग आवाज वरखाली होऊ लागे, एक-दोन आचके बसत आणि ते बंद पडे. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होई, पुन्हा तेच. कधी दोन-तीन दिवस काहीच होत नसे. जीप तुमसरपर्यंत जाऊन निमूट परत येई. त्यामुळे जो कोणी दुरुस्तीला हात लावी, त्याला आपल्याच औषधाने गुण आला असे वाटे. एकाने बॅटरी बदलायला लावली. दुसऱ्याने डिझेल फिल्टर नवा टाकला, तिसऱ्याने नोझल काढून साफ केले. शेवटी पंपच उतरवून नागपूरला पाठविला. तो आठ दिवसांनी तपासून, बिलासह परत आला. सगळा मिळून खर्च 1,400 रुपयांच्या घरात गेला. ही रक्कम आमच्या लक्षात राहण्याचे कारण, त्या महिन्यात रविवारचे गोड जेवण बंद झाले होते.

आणि मग ती रात्र. आजारी मुलगा पाचवीतला होता. मलेरियाच्या हिवाने त्याचे दात वाजत होते. जीप सुरू झाली, फाटकापर्यंत गेली आणि थांबली. काका पुनःपुन्हा सेल्फ मारीत होते, गृहपाल सर कंदील धरून उभे होते. अखेर खाट उचलली. डांबरी रस्ता 3 किलोमीटर होता. खाटेचा एक पाया आमच्यापैकी एकाच्या खांद्यावर होता. रस्त्यावर भेटलेल्या ट्रकवाल्याने सर्वांना दवाखान्यात पोहोचविले आणि मुलगा बरा झाला. पुढे तो आमच्यापेक्षा बराच उंच निघाला.

त्यानंतर काकांविषयी कुजबुज सुरू झाली. डिझेल विकतो, टाकीत रॉकेल ओततो, गाडीकडे पाहत नाही. व्यवस्थापनाच्या बैठकीत त्यांचा पंधरा दिवसांचा पगार कापावा आणि एक तारखेपासून दुसरा माणूस पाहावा असे ठरले. काकांनी एवढेच मागितले, “दोन दिवस द्या जी. दोन दिवस कोणी काही खोलू नका.”

पहिला संपूर्ण दिवस त्यांनी पान्याला हात लावला नाही. आमच्यापैकी एकाकडे मामाने दिलेले घड्याळ होते, म्हणून त्यांनी आम्हाला बोलावून घेतले आणि वहीत वेळा मांडायला बसविले. इंजिन सुरू करीत, ते बंद पडू देत आणि थांबत. सावकाश चालू ठेवले तर 70-80 सेकंदांनी बंद. ॲक्सिलरेटर दाबून ठेवला तर 40 सेकंदांच्या आतच. ते जे पाहत होते, त्याचा अर्थ आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळला. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा सुमारे विसाव्या हिश्शाइतकी दाबली जाते, त्या दाबाने ती इतकी तापते की तिच्यात उडालेले डिझेल आपोआप पेट घेते. असे इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होत असेल तर त्याचे कॉम्प्रेशन, नोझल आणि टायमिंग यांवर संशय घेण्याचे फारसे कारण उरत नाही. त्या जुन्या जीपचे इंजिन एकदा सुरू झाले की बॅटरीचाही त्याच्याशी संबंध राहत नसे. बंद करायलासुद्धा खेचायची तार होती. म्हणजे जे बदलले गेले, त्यातले बरेचसे त्याने सुरू होऊनच निर्दोष ठरविले होते. जास्त पळविले की लवकर मरते, याचा अर्थ ते फिल्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये उरलेल्या शिदोरीवर चालते आहे. शिदोरी संपते आणि मागून पुरवठा येत नाही.

इथे थोडे विषयांतर. आजच्या गाड्यांत संगणक आहे, सेन्सर आहेत, तरी गॅरेजात ‘सुरू होते नि बंद पडते’ अशी गाडी आली की आमचा मित्र अजून काकांचेच प्रश्न विचारतो. किती वेळाने बंद पडते? फट्‌कन की हळूहळू? लगेच पुन्हा सुरू होते का? दोन सेकंदांत फट्‌कन बंद पडून किल्लीची खूण लुकलुकत असेल तर चावी ओळखणाऱ्या यंत्रणेकडे पाहावे. पेट्रोल गाडी पाय दाबून ठेवला तर चालते आणि सोडला की मरते, तर आयडलची हवा सांभाळणारा भाग काजळला आहे का किंवा कुठून चोरटी हवा आत येते का ते शोधावे. गिऱ्हाइकाला हे प्रश्न म्हणजे वेळकाढूपणा वाटतो. काहीतरी बदलून टाका, असा त्याचा आग्रह असतो.

पहिल्या दिवशी संध्याकाळी काकांनी नवे झाकण सैल करून पाहिले. झाकणाला हवा घेण्याचे भोक नसेल तर टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल यायचे थांबते. पण झाकण उघडे ठेवूनही जीप बंद पडली. मग त्यांनी फीड पंपाचा हातपंप मारून पाहिला. तो वर येईना, आतून कोणी धरून ठेवल्यासारखा खालीच बसून राहिला. नळीत हवा शिरली असती तर तो भसाभस चालला असता, आणि एअर काढल्याशिवाय इंजिन पुन्हा सुरू झाले नसते. काका म्हणाले, “हवा नाही. कोणीतरी गळा दाबून धरते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टाकीकडून येणारी नळी फीड पंपापासून सोडविली. तिच्या जागी प्लास्टिकची नळी लावली, तिचे दुसरे टोक स्वच्छ डिझेल भरलेल्या 5 लिटरच्या कॅनमध्ये सोडले आणि कॅन उंच धरून उभे राहायला आम्हाला सांगितले. दोघांचे हात भरून आले की दुसरे दोघे. इंजिन सुरू झाले. एक मिनिट गेले, पाच गेली. अर्धा तास झाला तरी ते एका सुरात चालत होते. काकांच्या चेहऱ्यावर हसू आले होते. आमच्या मात्र पोटात खड्डा पडला होता. दोष इंजिनात नाही, पंपात नाही, टाकी आणि पंप यांच्यामध्येच आहे, हे नववीतल्या मुलांनाही कळण्याजोगे होते. आणि टाकीच्या तोंडात आपण काय कोंबले होते, हे फक्त आम्हालाच ठाऊक होते. चौघांनी एकमेकांकडे पाहिले. कोणीही तोंड उघडले नाही.

काकांनी सुटलेल्या नळीत तोंडाने हवा फुंकली. आधी जाईना, मग जोर लावल्यावर टाकीत गुडगुड आवाज झाला आणि वाट मोकळी झाली. मागे एका मिस्त्रीने एवढेच करून ‘झाले दुरुस्त’ म्हणून पैसे नेले होते आणि जीप दोन दिवस चाललीही होती. काका मात्र नळी हातात धरून बसून राहिले आणि म्हणाले, “जे दूर गेलं, ते गेलं कुठं? आतच असंल ना.” त्यांनी टाकी उतरवली, डिझेल गाळून घेतले आणि बॅटरीच्या उजेडात आत तारेचा आकडा फिरविला. तिसऱ्या-चौथ्या खेपेला आकड्याला काहीतरी जड, काळपट लागून आले. इंजिन ओढू लागले की ते चिंधूक नळीच्या तोंडावर येऊन बसे. इंजिन मेले, ओढ संपली की सुटून बाजूला होई.

काकांनी ते पिळले, मांडीवर पसरले. डिझेलने शाई पुसली नव्हती. त्यांनी आकडा पाहिला. मग आमच्याकडे पाहिले, चिंधीची घडी केली आणि ती खिशात घातली.

दुपारी कार्यालयात विचारणा झाली. आम्ही खिडकीखाली उभे होतो. मुख्याध्यापक सरांनी विचारले, टाकीत चिंधी गेली कशी? काका म्हणाले, “पुसता पुसता माझ्याच हातून गेली असंल जी.” दोष सापडला म्हणून त्यांची नोकरी वाचली. हलगर्जीपणाचा शेरा मात्र कायम झाला आणि कापलेला पगार परत मिळाला नाही. खिडकीपासून दारापर्यंत आठ-दहा पावलांचे अंतर होते. ते आम्ही चाललो नाही.

काकांनी आम्हाला त्याविषयी कधी एक शब्दही विचारला नाही. पुढच्या रविवारी जीप धुवायला नेली तेव्हा नव्या झाकणाला एक बारीक साखळी लावलेली होती. त्या वर्षभरात त्यांनी आम्हाला फिल्टर बदलणे, एअर काढणे आणि नुसत्या कानाने इंजिन ओळखणे शिकविले. आमच्यापैकी दोघांचे पोट त्यावर चालले.

काका जाऊन आता बरीच वर्षे झाली. हा लेख लिहायचे ठरल्यावर आम्ही चौघे त्यांच्या घरी गेलो. छापण्याआधी त्यांच्या माणसांना सांगणे आवश्यक होते. मुलगा ट्रॅक्टर धूत होता. आम्ही नावे सांगितली, शाळेचे सांगितले आणि झाकणाची गोष्ट सुरू केली. दोन वाक्ये झाली असतील नसतील, त्याने पाण्याचा नळ बंद केला आणि विचारले, “तुमच्यातला सत्तावीस नंबर कोणता जी?”

आमच्यापैकी एकाने हात वर केला.

मुलाने घराकडे तोंड करून हाक दिली, “आई वं, सत्तावीस नंबर आले पाहा. चहा ठेव.”