तीन की आठ

चलानचा मेसेज अण्णांच्या फोनवर आला. गाडी त्यांच्या नावावर आहे. यवतच्या पुढे सोलापूर हायवेला ती पळवली मी. अण्णांना तर स्टेअरिंगही धरता येत नाही.

शिरूरच्या मित्राने तोडगा काढला. "शेवटचा आकडा पुसट आलाय. महाट्रॅफिक ॲपवर तक्रार टाक, 8 नाही 3 आहे, गाडी आमची नाही." (हा स्वतः नंबर प्लेटवरचा चिखल कधी धूत नाही.) मी इंजिनिअर माणूस. रात्रभर फोटो झूम करून 8 चा 3 होतो का ते बघत बसलो.

इंग्लंडमध्ये 2003 साली, पुढे मंत्री झालेल्या क्रिस ह्यूनच्या वेगाचे पेनल्टी पॉइंट बायकोने स्वतःच्या लायसनवर घेतले होते. 2013 मध्ये दोघंही तुरुंगात गेले. आपल्याकडे तर बापाच्या नावावर आपोआपच जातं, खोटं बोलायचीही गरज नाही.

सकाळी दौंडच्या घरी अण्णांनी चष्मा लावून तक्रार वाचली.

"मग हे 3 वाल्याला जाणार?"

"तो बघेल त्याचं."

"त्याला ॲप येत नसलं तर?"

तक्रार खोडली. 2000 रुपये भरले. पावतीही अण्णांच्याच नावाने निघाली.