पट्टी कोणी बसवायची

29 डिसेंबर 2004, बुधवार. लातूर

त्सुनामीतल्या मृतांचा आकडा दर बातमीपत्राला वाढतोय. नागपट्टणम, कार निकोबार, गॉल, फुकेत ही नावं रविवारपासून घराघरात बोलली जातायत. इंडोनेशियातल्या आचेच्या पश्चिम किनाऱ्याची मात्र धड बातमीच नाही. जिथून बातमी निघत नाही तिथंच सगळ्यात जास्त माणसं गेलेली असतात, हे भूकंप सोसलेल्या आम्हा लातूरकरांना कोणी सांगायला नको.

संयुक्त राष्ट्रांचे मदतकार्य प्रमुख यान एगलँड सोमवारी न्यूयॉर्कमध्ये श्रीमंत देशांच्या कंजुषीबद्दल बोलले आणि अमेरिकेला ते झोंबलं. परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी लगेच सुनावलं की सगळ्यात जास्त मदत करणारा देश आमचाच. दोघंही खरं बोलतायत. एकूण रकमेत अमेरिका पहिलीच आहे. पण राष्ट्रीय उत्पन्नाशी ताडून पाहिलं तर 2003 साली नॉर्वेची परदेशी मदत 0.92 टक्के, जपानची 0.20 आणि अमेरिकेची 0.15. श्रीमंतांनी 0.7 टक्के द्यावेत असा ठराव आमसभेत 1970 साली झाला. तो पाळणारे देश एका हाताच्या बोटांवर मोजता येतात.

मला वेगळाच प्रश्न पडलाय. अमेरिकेचा पहिला आकडा दीड कोटी डॉलर होता, काल तो साडेतीन कोटी झाला. दीड कोटीच का? कशाला कशाने गुणून हा आकडा आला? एकाही बातमीत याचं उत्तर नाही, कारण तसा हिशेब कोणी मांडलेलाच नसावा.

2 जानेवारी 2005, रविवार

अमेरिकेच्या साडेतीन कोटींचे आता 35 कोटी. जपान म्हणतो 50 कोटी. चीनने आधी जेमतेम 26 लाख डॉलर जाहीर केले होते, आता त्यात सहा कोटी घातले. ब्रिटनच्या सरकारने दीड कोटी पौंडांवरून पाच कोटींवर उडी घेतली, कारण तिथल्या सामान्य लोकांनीच सरकारला मागे टाकलं.

समुद्र आठवड्यापूर्वीच ओसरला. गरज एकदम दहापट झाली असं काही घडलेलं नाही. शेजारच्याने किती टाकले हे तेवढं बदललं. चढाओढीतून का होईना, आचेत तंबू पोचतात याचं समाधान आहेच. पण उद्या कॅमेरे हलले, बघायला शेजारी उरला नाही, की काय?

4 जानेवारी, मंगळवार

किल्लारीच्या भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या एका गावातली विद्यार्थिनी आज तासानंतर थांबली. पिशवीतून रुमालात बांधलेले पैसे आणि वहीचं एक पान काढलं. "सर, आमच्या गावानं पट्टी केलीय. कुठं पाठवायची तेवढं सांगा."

ते पान बराच वेळ माझ्या हातात होतं. आखलेले तीन रकाने: नाव, एकर, रुपये. एकरी पाच रुपये. बारा एकरवाल्यापुढे साठ, दोन एकरवाल्यापुढे दहा. शेवटी भूमिहीनांची नावं, एकराच्या रकान्यात आडवी रेघ आणि कंसात 'राजीखुशी'. एका आजीबाईच्या नावापुढे पाच रुपये. दोन मोठ्या शेतकऱ्यांपुढे लाल शाईत 'बाकी'.

"त्यांनी दिले नाहीत?" मी विचारलं.

"देतील की सर. चावडीवर नावं वाचलीत. न देऊन जातात कुठं?"

1993 च्या सप्टेंबरातली भूकंपाची ती पहाट झाली तेव्हा ही पोर अगदी लहान असेल. पत्र्याच्या शेडमध्ये वाढलेली. मारुतीच्या जत्रेला जशी पट्टी बसते तशी हिच्या गावाने समुद्रापलीकडच्या माणसांसाठी बसवली. जगातल्या श्रीमंत देशांकडे नाव आहे, एकर आहेत, रुपयेही आहेत. नाही तो हा तीन रकान्यांचा कागद.

7 जानेवारी, शुक्रवार

काल जकार्तात कोफी अन्नान यांनी सहा महिन्यांच्या तातडीच्या मदतीसाठी 97 कोटी 70 लाख डॉलर मागितले. आता गुणायला काहीतरी मिळालं.

तो कागद नाही असं मी परवा लिहिलं, पण दुसऱ्या कामासाठी तो संयुक्त राष्ट्रांकडे आहे. संस्थेचा नियमित खर्च, म्हणजे पगार, इमारती, बैठका, देशोदेशी वाटून घेतला जातो. उत्पन्न पाहून टक्के ठरतात, दर तीन वर्षांनी फेरतपासणी होते. गरिबातला गरीब देश 0.001 टक्का देतो आणि वरची मर्यादा 22 टक्के. ती मर्यादा अमेरिकेसाठीच आहे. जगाच्या उत्पन्नातला तिचा वाटा तीस टक्क्यांच्या आसपास असूनही तिला 22 च्या वर जावं लागत नाही.

तेच टक्के कालच्या मागणीला लावले. अमेरिका 21 कोटी 50 लाख. जपान (19.468 टक्के) 19 कोटी. जर्मनी साडेआठ कोटींच्या आत. ब्रिटन सहा कोटी. भारत (0.421 टक्का) 41 लाख. तळाचे देश प्रत्येकी 9,770 डॉलर.

अमेरिकेचं आजचं वचन या वाट्याहून मोठं आहे, हे मान्य करायला हवं. शिवाय आचेच्या किनाऱ्यावर अन्नपाणी टाकणाऱ्या, 'अब्राहम लिंकन' या विमानवाहू नौकेवरच्या हेलिकॉप्टरांचा खर्च त्या आकड्यात नाही. रस्ते वाहून गेलेल्या गावांत तीच पोचली. जपान वाट्याच्या अडीचपट देतोय. जर्मनी 50 कोटी युरो म्हणते आणि ऑस्ट्रेलिया इंडोनेशियाला 100 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर, पण त्यातले निम्मे कर्जाऊ. हे आकडे पुनर्बांधणीसह कित्येक वर्षांचे आहेत, अन्नान यांची मागणी सहा महिन्यांची. दोन्ही एका तागडीत घालता येत नाहीत.

भारताचं मात्र मन भरून लिहावंसं वाटतं. स्वतःचे दहा हजारांवर लोक गमावलेल्या देशाने परकीय सरकारांची मदत नाकारली, नौदलाची जहाजं त्याच दिवशी श्रीलंकेकडे सोडली आणि त्या देशाला 100 कोटी रुपये जाहीर केले. म्हणजे सव्वादोन कोटी डॉलरांहून थोडे अधिकच. कागदावरच्या 41 लाखांच्या साडेपाचपट. तरी मदत नाकारण्यातला ताठा नागपट्टणमच्या कोळ्याच्या खिशातून जाऊ नये, एवढं वाटतं. त्याला होडी आणि जाळं लवकर मिळालं तरच तो ताठा शोभेल.

12 जानेवारी, बुधवार

काल जिनिव्हात देशांनी 97 कोटींपैकी 70 कोटींवर रक्कम पक्की केली. इतक्या लवकर इतके पैसे कुठल्याच आवाहनाला मिळाले नव्हते म्हणतात. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ने तर त्सुनामीच्या नावाने आता पैसे देऊ नका, पुरेसे झाले, असं जाहीर केलंय. सरळ माणसं.

आणि दुसरीकडे काँगो. इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटीचा अहवाल डिसेंबरातच आला: 1998 पासून 38 लाख जादा मृत्यू, रोज हजार माणसं. बहुतेक गोळीने नव्हे, हिवताप, हगवण आणि उपासमारीने गेली. आजवर मोजलेले त्सुनामीचे सगळे बळी तिथं पाच महिन्यांत होतात. त्यासाठी कोणी दहापट उडी घेतली नाही. लाट एका सकाळी येते, तिची चित्रं निघतात. हगवणीने दगावलेल्या लेकराचं चित्र कोण काढणार?

इराणमधलं बाम याच 26 डिसेंबरला, एक वर्ष आधी, भूकंपाने जमीनदोस्त झालं. इराणी अधिकारी सांगतात की वचनं शंभर कोटी डॉलरांवर होती, हातात पावणेदोन कोटींच्या आसपास पडले. वचन जाहीर झालं की पहिल्या पानावर येतं. ते पोचलं की नाही हे छापणारं पान कुठलं?

8 सप्टेंबर 2005, गुरुवार

कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं आणि आता जग अमेरिकेला देतंय. भारताने 50 लाख डॉलर दिले. श्रीलंकेने 25 हजार. बांगलादेशाने दहा लाख.

बांगलादेशाचं राष्ट्रीय उत्पन्न अमेरिकेच्या दोनशेव्या भागाएवढं आहे. त्याचे दहा लाख म्हणजे अमेरिकेचे 20 कोटी. हे गणित वर्गात फळ्यावर मांडलं. गेल्या वर्षी पुरात बुडालेल्या देशाने हे केलं, हेही सांगितलं. वर्ग एकदम शांत झाला, मग मागून कोणीतरी टाळी वाजवली.

27 ऑक्टोबर, गुरुवार

आठ तारखेच्या भूकंपाने पाकिस्तानच्या बाजूला मुझफ्फराबाद आणि बालाकोट उद्ध्वस्त झाले. आपल्याकडे उरी, तंगधार. डोंगरात बर्फ पडायला चार आठवडे राहिलेत आणि काल जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या हातात मागितलेल्या 55 कोटी डॉलरांचा एक तृतीयांशही नाही. जानेवारीत याच शहरात दोन आठवड्यांत झोळी भरली होती. अन्नान यांना स्वतः जाऊन विनवणी करावी लागतेय.

थंडीने मारलं की पाण्याने, माणूस तेवढाच मरतो ना? मग त्सुनामीला 70 कोटी आणि याला कोरडं आश्वासन, हे कुठल्या न्यायाने? तिथं समुद्रकिनारे होते, युरोपातले हजारो पर्यटक होते, एकट्या स्वीडनचे पाचशेवर गेले. नीलम खोऱ्यात कोणी सुटी घालवायला जात नाही.

क्युबाने डॉक्टरांची विमानं पाठवायला सुरुवात केलीय. स्वतः निर्बंधांखाली असलेला देश. डॉक्टरचा डोंगरातला एक दिवस डॉलरमध्ये किती धरायचा? पट्टी बसवायची तर श्रमाचाही रकाना लागेल.

आपल्या हेलिकॉप्टरांचं वाईट वाटतं. देऊ म्हणालो, पाकिस्तानला ती वैमानिकांशिवाय हवी होती, आपल्याला ते पटेना. दोन्ही राजधान्यांना आपापली कारणं होती. वर डोंगरात हात तुटलेली पोरं होती.

20 नोव्हेंबर, रविवार

इस्लामाबादच्या परिषदेत काल भूकंपग्रस्तांसाठी 580 कोटी डॉलर जाहीर झाले. मथळे मोठे. बातमी शेवटपर्यंत वाचली तर त्यातला मोठा भाग कर्ज आहे.

कर्जाचं वावडं नाही. किल्लारीनंतरची घरं जागतिक बँकेच्या कर्जातून उभी राहिली आणि ती गरजेची होती. सवलतीचं का असेना, ते फेडायचं आपणच. पण फेडायची रक्कम सावकाराच्या दानाच्या खात्यावर कशी चढते? दिलेलं आणि उसनं दिलेलं एकाच बेरजेत घालणं थांबवलं तरी अर्धी लबाडी संपेल.

10 मार्च 2006, शुक्रवार

संयुक्त राष्ट्रांचा मध्यवर्ती आपत्ती निधी काल सुरू झाला. लक्ष्य 50 कोटी डॉलर. आपत्ती आली की झोळी घेऊन फिरण्याऐवजी पैसा आधीच जमवून ठेवायचा, आणि ज्यांच्याकडे कोणी बघत नाही तिकडेही द्यायचा. आजवर यासंबंधात झालेली ही सगळ्यात शहाणी गोष्ट.

पण वर्गणी इथंही ऐच्छिक. ब्रिटन सात कोटी देतो, स्वीडन चार कोटींवर, नॉर्वे तीन कोटी. अमेरिका एक कोटी. त्या 22 टक्क्यांच्या कागदाने तिचा वाटा 11 कोटी होतो. नव्वद लाख लोकांचा स्वीडन तिच्या चौपट देतो.

16 जुलै, रविवार

त्सुनामी मदतीचं मूल्यमापन बाहेर आलं. जगाने एकूण सुमारे 1,350 कोटी डॉलर जमवले. झळ बसलेल्या माणसामागे 7,100 डॉलर. 2004 च्या बांगलादेशातल्या पुराला माणसामागे तीन डॉलर. तो पूर त्सुनामीच्या काही महिने आधीचा, साडेतीन कोटींहून जास्त लोकांच्या घरादारात शिरलेला.

सात हजार शंभर आणि तीन. आजवर मी देणाऱ्यांच्या बाजूने टक्के काढत बसलो होतो. अन्याय घेणाऱ्यांच्या रांगेत याहून मोठा आहे, आणि दोन्ही एकाच कारणाने होतात. ज्याला वाटेल त्याने, वाटेल तेव्हा, वाटेल त्याला द्यायचं.

राज्यशास्त्राचे सहकारी संध्याकाळी आले होते. त्यांचं म्हणणं, "सक्तीचा वाटा ठरवलात तरी देणार कोण? अमेरिकेने संयुक्त राष्ट्रांची शंभर कोटींवर बाकी थकवली होतीच की नव्वदच्या दशकात." बरोबर आहे. पण ती बाकी होती म्हणून मोजता आली. जगभर छापून आली, त्यांच्या सिनेटमध्ये तिच्यावर वर्षानुवर्षं वाद झाले आणि अखेर 1999 साली बरीचशी फेडायचा करार झाला. सनदेचं 19 वं कलम आहे: दोन वर्षांच्या वाट्याएवढी थकबाकी झाली की आमसभेतलं मत जातं. बामची उरलेली रक्कम किंवा काँगोला न मिळालेले पैसे कुणाच्याच नावावर थकलेले नाहीत. ते कोणी देणं लागतच नव्हतं.

आणि शांतिसेनेच्या खर्चाचे वाटे 1973 पासून ठरलेलेच आहेत. सैनिक पाठवायला जमतं, तर तंबू आणि ओआरएसची पाकिटं पाठवायला का जमू नये? निम्मा निधी तरी वाट्याने घ्यावा, उरलेला ऐच्छिक ठेवावा. त्यातून पैसे देताना पहिली कसोटी एकच असावी, माणसामागे किती पोचले.

सहकारी म्हणाले, "लिहून काढा." काढतोय. कोष्टकाला चार रकाने ठेवलेत: देश, ठरलेला वाटा, खरोखर पोचलेली रक्कम, बाकी. कर्ज त्यात धरलेलं नाही. जपान आणि जर्मनीचे पोचलेले आकडे अजून मिळायचेत.