आमच्या नावातला ळ

मराठी वर्णमालेत ‘ह’ संपला की ‘ळ’ येतो. त्याच्या मागून क्ष आणि ज्ञ येतात खरे, पण ती जोडाक्षरे. स्वतःच्या पायावर उभे असलेले शेवटचे अक्षर हेच. मराठी शब्दाच्या आरंभी त्याला जागा नाही, म्हणून आमच्या अंकलिपीत ‘कमळातला ळ’ असे सांगावे लागे. इतर अक्षरांना आपापले चित्र होते, याला दुसऱ्याच्या चित्रात शेपटाशी बसावे लागे. लहानपणी आम्हांला त्याची कीव येई. पुढे कधीतरी वाचण्यात आले की ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ळ आहे. मधल्या काळात अभिजात संस्कृतने त्याला वगळले आणि मराठीने सांभाळले. इतके जुने घराणे पंगतीत शेवटी बसते, याची मौज वाटली.

पुण्या-नागपुरातल्या वाचकास या अक्षराची काळजी करण्याचे कारण नाही. सौंसर-पांढुर्ण्याकडच्या आम्हां मराठी घरांची गोष्ट निराळी आहे. भोसल्यांच्या अमलापासून कुणी चाकरीने, कुणी शेतीने, कुणी भिक्षुकीने या बाजूस येऊन राहिले. जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूरच होती आणि १९५० च्या कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचा मान मिळाला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आमचा छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. घरे हलली नाहीत, संत्र्याच्या बागा हलल्या नाहीत. कचेरीची भाषा तेवढी बदलली. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. त्या वेळी नव्या पाट्या लागल्या. आमची नजर सवयीने ळ शोधत राहिली. आपण ज्याला पिंपळा नारायणवार म्हणतो, ते पाटीवर ‘पिपला’ आहे. जामसावळीचा मारुती आपल्या घरांत ‘सावळी’चाच, फलकावर मात्र ‘सांवली’चा. हिंदी लेखनात हे अक्षर रूढ नाही. ज्याच्या घरात जी वस्तू नाही ती त्याने आपल्याला का दिली नाही, म्हणून रुसून उपयोग नसतो.

शिवाय हाताने लिहिण्याच्या काळात यामुळे कुणाचे अडलेही नाही. जुने पटवारी आणि कारकून दोन्ही भाषांत वावरलेले असत. वहीत ‘काले’ लिहीत आणि हाक मारताना ‘काळे’ म्हणत. एखादा मराठी कारकून आला की त्याच वहीत पुढच्या पानावर ‘काळे’ उमटे. दोन्ही पानांवरचा माणूस एकच, हे पाहणाऱ्याला ठाऊक असे. त्याचा बाप, त्याचा धुरा, त्याच्या विहिरीचे पाणी हे सगळे त्याला माहीत असे. शुद्धलेखनाची उणीव ओळखीने भरून निघे.

संगणक आल्यावर ही ओळख नाहीशी झाली. आता नाव बहुधा आधी रोमन अक्षरांत भरले जाते आणि यंत्र त्याचे देवनागरी करते. रोमन लिपीत ल आणि ळ यांना एकच अक्षर. तेव्हा परत येताना यंत्र सोपे तेच उचलते. मुळे यांचे ‘मुले’ होतात, गोळे यांचे ‘गोले’. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे. ‘ल’चा ०९३२ आणि ‘ळ’चा ०९३३. शेजारीशेजारी, भिंतीला भिंत लावून. पण यंत्राला शेजार कळत नाही, क्रमांक कळतो. ०९३२ निराळा, ०९३३ निराळा, म्हणून माणूसही निराळा.

आमचे वडील गेल्यानंतर बागेच्या नामांतरणाच्या वेळी हे आमच्या वाट्याला आले. खरेदीखत जुने, मराठी वळणाच्या अक्षरातले. त्यात आडनावाला ळ. नव्या नोंदीत ल. खिडकीपलीकडचा तरुण सभ्य होता, त्याने दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाला, ‘नाम मैच नहीं हो रहा.’ चार महिने आणि सहा खेपा झाल्या. शेवटी मुद्रांकाच्या कागदावर आम्ही भावंडांनी शपथपूर्वक लिहून दिले की ळ-वाले आणि ल-वाले हे दोन्ही गृहस्थ एकच असून ते आमचे वडील होत. ज्या गृहस्थाने आमच्या पाटीवर ‘डाळ’चे ‘डाल’ झालेले दिसले की छडी उगारली, त्याच्याच नावासाठी, या दोन अक्षरांत भेद नाही, अशी शपथ आम्ही घेतली. काम झाले. बाग आमच्या नावावर आहे. तो कागद मात्र आम्ही फाइलमध्ये सर्वांत खाली ठेवला आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ळ आमच्या कागदांवर होता तसा आमच्या गावांच्या जिभेवर सर्वत्र होता असे नाही. आमच्याकडची खेड्यातली बोली वऱ्हाडी-नागपुरी वळणाची. तिच्यात डोळ्याचा ‘डोया’ होतो, काळ्याचा ‘काया’, आणि जवळचे ‘जवय’. बागेत संत्री तोडायला येणारी माणसे आजही असेच बोलतात, आणि आमच्या आजीही रागावल्या की तशाच बोलत. म्हणजे ल हा बाहेरून आला आणि य हा घरचाच होता. ळ जपला तो शाळेने, पोथीने आणि नागपूरहून येणाऱ्या वर्तमानपत्राने. बोलीतल्या ‘डोया’ने कधी कुणाचे आडनाव बदलले नाही, एवढा फरक मात्र आहे. बोलणारा ‘काये’ म्हणे आणि लिहिताना ‘काळे’ लिही. त्याची जीभ व त्याचा हात यांत भांडण नव्हते.

आमची आत्या पांढुर्ण्याची, ऐंशी उलटलेली. मोतीबिंदूनंतर तिने पत्र लिहिणे सोडले. नातवाने तिला मोबाइलवर बोलून लिहिण्याची युक्ती शिकवली. पहिल्यांदा यंत्रात भाषा हिंदी निवडलेली होती. आत्याचे मराठी ऐकून त्याने जे लिहिले ते ना हिंदी ना मराठी. मग नातवाने यादीतून ‘मराठी’ निवडले. आत्या म्हणाली, ‘डोळा आता बरा आहे’, आणि पडद्यावर ‘डोळा’ उमटला, ळ सकट. ती हरखली. मग तिने तिच्या रोजच्या बोलीत ‘डोया’ म्हणून पाहिले. यंत्राने तिसरेच काहीतरी लिहिले. तेव्हापासून ती मोबाइलशी शाळेतले मराठी बोलते आणि आमच्याशी घरचे.

नातवंडांचे संदेश हा वेगळाच प्रकार. ती हिंदी किंवा इंग्रजी शाळांत शिकली. मराठी बोलतात, तेही गोड. लिहिताना रोमन अक्षरे वापरतात किंवा मोबाइलमधल्या हिंदीवर भागवतात. ‘जेवायची वेल झाली’, ‘आंब्याला गाल लागला’ असले काहीबाही रोज येते. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, ही म्हण त्यांतल्या एकाने ‘काल आला होता पण वेल आली नव्हती’ अशी पाठवली, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. एखाद्या कुणब्याच्या मांडवावरच्या भोपळ्याची हकिकत वाटावी! पण हसू ओसरल्यावर त्याला फोन करून दोन शब्दांतला फरक सांगितला. त्याला फरक ऐकू येत होता; तो कळफलकावर कुठे आहे हे ठाऊक नव्हते. संगणकाच्या इन्स्क्रिप्ट रचनेत ल आणि ळ एकाच कळीवर आहेत. साधी दाबली तर ल, शिफ्टसह दाबली तर ळ. बोटभर अंतरही नाही.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आमच्याकडेही झाला, पेढे वाटले गेले. ज्या मोडीत आमच्या पूर्वजांनी हिशेब लिहिले, तिलाही २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा आहे. यंत्रांत जागा होणे आणि हातात ती वस्तू असणे या दोन गोष्टी आहेत. मोडीतली आमची बाडे वाचणारे आज आमच्या घरात कुणी नाही.

या त्रैमासिकाच्या वर्गणीदारांची नवी यादी यंदा संगणकावर घातली जात आहे. छापण्यापूर्वीची प्रत पाहायला आली, तेव्हा आम्ही लाल शाई घेऊन बसलो. रोमन यादीवरून केलेली ती प्रत. दुरुस्त्या करता करता संध्याकाळ झाली. चारपाच घरे अशी निघाली की त्यांच्या आडनावात मुळात ल होता की ळ, हे आम्हांस सांगता येईना. त्यांना फोन केले. दोन ठिकाणी वडीलधाऱ्यांनी लगेच सांगितले. एका ठिकाणी मुलाने घेतला. तो म्हणाला, ‘काका, आधारवर ल आहे, तोच ठेवा.’ उरलेल्या घरांकडे पोस्टकार्डे टाकली आहेत. नाव स्वतःच्या हाताने लिहून पाठवावे, एवढेच त्यांत लिहिले आहे.