न विचारता आत येणारे

आमच्या घरात लहानमोठे मिळून सात पडदे आहेत. चार फोन, मुलीचा अभ्यासाचा लॅपटॉप, अम्मींचा टॅब आणि बैठकीतला टीव्ही. चालू केल्यावर मुकाट्याने कामाला लागेल असा यांत एकही नाही. फोन आधी बनवणाऱ्याचे नाव फिरवून दाखवतो आणि वर एक सूर वाजवतो. टीव्ही बातम्या लावण्याआधी आपले दुकान मांडतो. लॅपटॉप उघडला की न बोलावलेले तीन-चार प्रोग्राम हजेरी लावतात. वीजबिल भरायचे ॲप उघडावे, तर ते आधी कर्ज हवे का म्हणून विचारते.

दोन-चार सेकंदांची तर गोष्ट, असे कोणी म्हणेल. सेकंदांचा हिशेब आम्हीही करत नाही. पण हे सेकंद नेमके कुठे येऊन पडतात ते पाहायला हवे. मशिदीत जमात उभी राहण्याआधी मोबाईल बंद करण्याची सूचना होते. पुष्कळ बुजुर्ग लोक, आवाज बंद कसा करायचा ते ठाऊक नसल्याने, फोनच बंद करून ठेवतात. सलाम फिरवल्यावर तो चालू करतात आणि मागच्या सफीत लोक अजून दुआसाठी हात उचलून बसलेले असताना कंपनीची धून घुमते. सगळे वळून त्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे पाहतात. धून बसवणारा मात्र कुणाला दिसत नाही!

या आवाजांनाही इतिहास आहे. मॅक संगणक चालू होताना जो घनगंभीर स्वर ऐकू येई, तो जिम रीक्स नावाच्या ध्वनितज्ज्ञाने बसवला. त्याआधीचा स्वर कर्कश होता आणि यंत्र बिघडून पुन्हा चालू करावे लागले की वैतागलेल्या माणसाला तोच ऐकावा लागे. म्हणून त्याने जरा शांत करणारा स्वर शोधला. त्या स्वराला कामही होते. तो वाजला म्हणजे यंत्राच्या आतली तपासणी नीट पार पडली. विंडोज ९५ साठी मायक्रोसॉफ्टने ब्रायन इनो या नामवंत संगीतकाराकडून काही सेकंदांचा तुकडा करून घेतला. पुढे विंडोज व्हिस्टाच्या वेळी, २००६ मध्ये, सुरुवातीचा आवाज वापरणाऱ्याला बंदच करता येऊ नये असा कंपनीचा विचार होता. लोकांनी ओरड केली, तेव्हा कुठे तो बंद करण्याची सोय ठेवली गेली. सुरुवातीच्या चित्राचेही तसेच. जुने प्रोग्राम उघडायला बराच वेळ घेत. माणसाने यंत्र अडकले असे समजू नये, म्हणून तेवढ्या वेळात नावाची पाटी दाखवत. आज ॲप क्षणात उघडते, पण पाटी हटली नाही. तिच्या जागी जाहिरात येऊन बसली.

हे आम्ही एवढ्या तपशिलाने लिहितो आहोत ते अम्मींमुळे.

अम्मींचे वय चौऱ्याहत्तर. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षर त्यांना दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना टॅबवर कुरआनचे ॲप घालून दिले. सोळा ओळींचे, त्यांच्या ओळखीचे पान, हवे तेवढे मोठे करता येणारे. अल्हमदुलिल्लाह, फजरनंतर त्यांची तिलावत पुन्हा सुरू झाली. रोज अर्धा पारा व्हायचा. मग एके दिवशी ॲप अपडेट झाले आणि उघडताच पडदाभर जाहिरात येऊ लागली. गाणे, नाच, पत्त्यांचा खेळ. ती घालवायची फुली कोपऱ्यात तिळाएवढी. थरथरत्या बोटाने ती सापडत नाही आणि बोट जरा इकडेतिकडे पडले की दुकानच उघडते. वुजू करून, ओढणी सारखी करून बसलेल्या अम्मींपुढे हे रोज उभे राहू लागले.

त्यांनी आम्हाला काहीच सांगितले नाही. टॅब कपाटात ठेवला आणि जुना मुसहफ व भिंग काढले. एक पान व्हायला अर्धा तास लागे, मान दुखे. महिनाभराने विचारले तेव्हा म्हणाल्या, “बेटा, माझंच बोट कुठंतरी भलतीकडे लागलं असणार. अल्लाह माफ करो.” ज्या बेअदबीत त्यांचा तसूभरही हात नव्हता, तिची तौबा त्या महिनाभर करत होत्या. आमचा खरा राग इथे आहे.

आपल्याकडे घरात शिरण्याचे नियम फार स्पष्ट आहेत. सूरह अन-नूरमध्ये (२४:२७-२८) दुसऱ्याच्या घरात परवानगी घेऊन आणि सलाम करूनच जाण्याचा हुकूम आहे, आणि परत जा म्हटले तर परत फिरण्याचाही. त्याच सूरहमध्ये पुढे (२४:५८) फजरच्या आधी, दुपारच्या विश्रांतीला आणि इशानंतर अशा तीन वेळा घरातल्या सेवकांनी आणि अजाण मुलांनीसुद्धा विचारून यावे असे सांगितले आहे. तीनदा इजाजत मागूनही मिळाली नाही तर परतावे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. आता ॲपची इजाजत पाहा. त्या चौकटीत “नाही” हा शब्दच नसतो. “होय” असते आणि “आत्ता नको” असते. म्हणजे उद्या पुन्हा दार वाजणार, परवाही वाजणार. शेजारी असा वागला तर मोहल्ल्यात चर्चा होईल.

ॲप फुकट द्यायचे तर पैसा कुठून येणार, हा प्रश्न रास्त आहे. बनवणाऱ्यांनाही घर चालवायचे आहे. पानाखाली शांतपणे बसलेल्या जाहिरातीला आमचा विरोध नाही. पण दारातच आडवे पडणे हा व्यवहार नव्हे. नियमही तेच सांगतात. गूगलच्या प्ले स्टोअरने ३० सप्टेंबर २०२२ पासून, ॲपचा पहिला पडदा येण्याआधीच पूर्ण पडदा व्यापणाऱ्या जाहिरातींना मनाई केली आहे. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या किंवा भंडावून सोडणाऱ्या १३ युक्त्यांवर मार्गदर्शक तत्त्वे काढली. एकच मागणी पुन्हा पुन्हा पुढे करून छळणे ही त्यांतलीच एक. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मराठीतही बोलता येते.

घरात आम्ही एका इतवारी सातही पडदे पुढ्यात घेऊन बसलो. लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि “स्टार्टअप ॲप्स”मधले आगंतुक एकेक करून बंद केले. विंडोज ११ चा सुरुवातीचा आवाज सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, थीम्स, साउंड्स या वाटेने जाऊन खूण काढली की थांबतो. टीव्हीने मात्र दाद दिली नाही. त्याचे दुकान हटवायची वाट आम्हाला सापडली नाही.

अम्मींच्या टॅबचा तोडगा धाकट्याने काढला. कुरआनचा मजकूर टॅबमध्ये साठवलेलाच आहे, त्याला नेट लागत नाही. जाहिरातीला लागते. ॲप उघडण्याआधी विमानाचे चिन्ह दाबायचे, एवढेच. “दादी, आधी विमान, मग बिस्मिल्लाह,” असे त्याने त्यांच्याकडून चार दिवस घोकून घेतले. जाहिराती नसलेली दुसरी ॲप्सही आम्ही दाखवली, पण अम्मींना आपले पानच हवे. कोणती आयत पानावर कुठे आहे हे त्यांच्या नजरेला पाठ आहे.

ॲप बनवणाऱ्यांना आम्ही पत्र धाडले आहे. जाहिरात खाली घ्या, नाहीतर वर्षाचे पैसे सांगा, आम्ही भरतो, असे लिहिले. “आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे” असे उत्तर त्याच मिनिटाला आले. त्यानंतर काही नाही. अम्मींचा तेरावा पारा चालू आहे. विमानाचे चिन्ह दाबले की त्या चष्म्यावरून एकदा आमच्याकडे पाहून खात्री करून घेतात, मगच ॲप उघडतात.