चक्कीवरची गाणी, ढोलकीवरची गाणी

आठवीच्या वर्गाला आम्ही दरवर्षी एक निबंध लिहायला देतो : ‘माझे आवडते गाणे आणि ते मला का आवडते’. शाळा उर्दू माध्यमाची, आमचा विषय मराठी. मुलांना मराठीत लिहिते करायचे तर विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा हवा, एवढाच त्यामागचा हेतू.

यंदाही वह्या घरी आणून वाचल्या. निम्म्याहून अधिक मुलांनी सिनेमाची गाणी लिहिली. काहींनी धाराशिवच्या हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाजी (रह.) यांच्या उरुसात ऐकलेल्या कव्वालीचे नाव लिहिले. दोन मुलींनी कोरियातल्या मुलांचे गाणे लिहिले आणि खाली प्रामाणिकपणे जोडले, ‘शब्द कळत नाहीत, पण मैत्रिणींबरोबर म्हणताना मजा येते.’ नाव सगळ्यांना लिहिता आले. ‘का आवडते’ या प्रश्नापाशी मात्र बहुतेक वह्या ‘चाल छान आहे’ या तीन शब्दांवर थांबल्या.

एका मुलीची वही वेगळी निघाली. तिने लिहिले होते, ‘माझी दादी मला झोपवताना चक्कीचे गाणे म्हणायची. ती म्हणायला लागली की मला भीती वाटत नसे. पण ते गाणे चुकीच्या उर्दूत आहे.’

शेवटचे वाक्य आम्ही पुन्हा पुन्हा वाचले. गाणे आवडते, पण त्याची लाज वाटते, ही गोष्ट त्या एका मुलीची नाही. ती आपल्या घराघरातली आहे. म्हणून हा लेख.

त्या मुलीची दादी जी बोली बोलते ती चुकीची उर्दू नाही. ती दखनी आहे. आपण घरात ‘नक्को’ म्हणतो, तो मराठीतला ‘नको’. ‘मैंच’, ‘येइच’ म्हणताना शब्दाला जो ‘च’ चिकटतो, तोही मराठीचाच. दिल्ली-लखनौच्या भाषेला शायरीचा मान मिळाला त्याच्या कितीतरी आधी या बोलीत ग्रंथ लिहिले जात होते. फख्रुद्दीन निजामी यांची ‘कदम राव पदम राव’ ही मसनवी पंधराव्या शतकात बहामनी अमलात लिहिली गेली आणि दखनीतल्या सर्वांत जुन्या काव्यांत ती धरली जाते.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण हवे तर नळदुर्गला जावे. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात जो पाणी महाल बांधला आहे आणि जिथे पावसाळ्यात नर-मादी धबधबे बघायला माणसे लोटतात, तो 1613 च्या सुमाराचा, विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. या बादशहाने ‘किताब-ए-नवरस’ नावाचे गीतांचे पुस्तक लिहिले, तेही दखनीत. त्यात गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदा नवाज यांची स्तुती आहे, तशी सरस्वतीचीही आहे. ज्या बोलीत एका बादशहाने गाणी रचली, त्या बोलीत दादी अंगाई म्हणते. यात लाजण्यासारखे काय आहे?

पण बादशहाचे पुस्तक दरबारात राहिले. घरात पोचली ती चक्कीची गाणी, आणि ती पोचवण्यात सूफी बुजुर्गांचा मोठा वाटा होता. विजापूरच्या चिश्ती सिलसिल्यातील बुजुर्गांच्या नावावर ‘चक्कीनामा’ आणि ‘चरखानामा’ नावाची गीते आहेत. रिचर्ड ईटन या अमेरिकी इतिहासकाराने 1978 साली आलेल्या विजापूरच्या सूफींवरील आपल्या ग्रंथात त्यांचा अभ्यास मांडला आहे. या गीतांत जात्याच्या खुंट्याला अलिफ या अक्षराची उपमा दिलेली आढळते, कारण दोन्ही उभे आणि सरळ. अलिफ म्हणजे अल्लाहच्या नावाचे पहिले अक्षर. ज्या बाईला मदरशाचे दार दिसले नाही, तिच्या हातात रोज पहाटे येणाऱ्या वस्तूतूनच तिला धडा दिला गेला. पीठ पडत गेले, जिक्र होत गेला, आणि मांडीवरचे मूल ऐकता ऐकता झोपून गेले. चक्कीचे गाणे अंगाई कसे झाले, याचे उत्तर इथेच आहे.

आमच्या दादीचे जाते आम्ही लहानपणी पाहिले आहे. गावात विजेची गिरणी आली होती, तरी डाळ भरडायला आणि हळद दळायला जाते लागेच. दादी बसली की शेजारच्या काकू समोर येऊन बसत. एका खुंट्यावर दोघींचे हात. दादीची सुरुवात बिस्मिल्लाहने, काकूंची पहिली ओवी विठ्ठलाला. त्यानंतर मात्र दोघींची गाणी एकाच वाटेने जात. माहेर, भाऊ, न आलेला सांगावा, लेकीचे सासर. काकू मराठीत म्हणत, दादी दखनीत जोड देई. कधी दादीच मराठी ओवी धरी. त्यात विशेष काही आहे असे त्या दोघींना वाटत नसे.

दादी तशी मितभाषी होती. आजोबांपुढे तिने कधी आवाज चढवला नाही. भावाने वाटणीत तिला काही दिले नाही, याबद्दल तिने घरात एक शब्द काढल्याचे कोणाला आठवत नाही. पण जात्यावर ती भावाला नाव घेऊन विचारी. ते तिचे बोलणे नव्हते, गाणे होते, म्हणून त्याला कोणी उलट जबाब देऊ शकत नसे. बाहेर ओट्यावर बसलेले आजोबा सगळे ऐकत आणि गप्प राहत. पुढे एका ईदीला भाऊ तिच्यासाठी लुगडे घेऊन आला. गाण्यामुळे आला की आणखी कशाने, हे अल्लाहला ठाऊक. दादी मात्र म्हणायची, ‘चक्कीने मेरा बोलना पहुँचाया.’

आम्हाला वाटते, गाणे का आवडते याचे खरे उत्तर दादीच्या या वाक्यात आहे. जे तोंडाने बोलता येत नाही, ते गाण्यातून बोलता येते. चाल गोड असेल तर उत्तमच. पण माणूस जीव लावतो तो त्या मुभेला.

या ओव्यांचे मोल ओळखणारी माणसे महाराष्ट्राला भेटली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवून घेतल्या. प्रत्येक ओवीबरोबर ती म्हणणाऱ्या बाईचे आणि तिच्या गावाचे नाव टिपून ठेवले. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या बार्शीत 1916 साली मेहबूब हुसेन पटेल नावाचा मुलगा जन्मला. आईच्या तोंडच्या ओव्या आणि लोकगीते ऐकत तो वाढला. पुढे शाहीर अमर शेख म्हणून त्यांच्या आवाजाने गिरणी कामगारांच्या सभा आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ गाजवली. एका मुसलमान आईच्या घरातले गाणे साऱ्या महाराष्ट्राच्या कामी आले, हे आपल्या मुलांना सांगायला हवे.

चक्की गेली, पण ढोलक अजून थोडी शिल्लक आहे. आपला जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. ‘ढोलक के गीत’ म्हणून ज्यांची हैदराबादेत ख्याती आहे, त्यांची एक शाखा आपल्या मराठवाड्यातही रुजली. हळदीच्या रात्री, रतजग्याला गुलगुले तळताना बायका गोल करून बसतात. एकजण ढोलक धरते, दुसरी तिच्या लाकडावर चमच्याने ठेका देते. ढोलक नसली तर परात पुरते. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची. गाणे जुनेच, पण त्यात जागा मोकळ्या सोडलेल्या असतात. तिथे आजच्या नवरीचे नाव, नवऱ्याचे नाव, समधनचे नाव घालायचे. समधनच्या दागिन्यांची, चालण्याची, कंजूषपणाची यथेच्छ थट्टा होते आणि समधन स्वतः हसत टाळ्या वाजवते. उद्यापासून जिच्या घरात आपली मुलगी नांदायची, तिला आज हसत हसत चार गोष्टी सुनावून घेण्याची ही रीत आहे. आमच्या मुलीला जपा, हेच त्या थट्टेच्या पोटात असते.

गेल्या वर्षी आमच्या भाचीचे लग्न झाले. तिची आई, म्हणजे आमची धाकटी बहीण, दोन वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारी झाली. आईच्या मय्यतीनंतर ही पोर कोणासमोर रडली नव्हती. धाकट्या भावांना सांभाळण्यात तिने स्वतःला बुडवून घेतले होते. हळदीच्या दिवशी मुलांनी अंगणात मोठे स्पीकर आणले. घरातल्या एका वडीलधाऱ्यांचे म्हणणे होते की गाणे-बजावणे मुळीच नको. दोन्ही बाजूंची बोलाचाली सुरू झाली. ऐंशीच्या घरातल्या आमच्या खाला कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्यांनी कोणाला काही म्हटले नाही. आतल्या खोलीत जाऊन भाचीला जवळ घेतले, परात मागवली आणि हळदीचे गाणे धरले.

त्या गाण्यात एके ठिकाणी आईचे नाव येते : हळद कोणी भिजवली, पदराखाली कोणी घेतले. आम्हा सगळ्यांच्या छातीत धस्स झाले. आता खाला काय करणार? बहुधा मामीचे नाव घालतील, असे वाटले. खालांनी आमच्या बहिणीचेच नाव घातले. आवाज हलला नाही, ठेका चुकला नाही. दोन वर्षे त्या घरात जे नाव कोणी मोठ्याने उच्चारले नव्हते, ते वीस बायकांनी मिळून उचलले. भाची खालांच्या मांडीवर डोके ठेवून रडली, पुष्कळ वेळ रडली. मग उठून तोंड धुतले आणि म्हणाली, ‘खाला, अब समधन का गाना बोलो.’ बाहेरच्या मुलांनी स्पीकर कधी बंद केला, कोणाच्या लक्षातही आले नाही.

जे वडीलधारे गाण्याला नको म्हणत होते, त्यांच्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. लग्नातला धांगडधिंगा, रात्री-बेरात्रीचा कानठळ्या बसवणारा आवाज, अश्लील गाणी आणि उधळपट्टी यांना त्यांचा विरोध असतो, आणि तो रास्त आहे. गाणे आणि वाद्ये यांबद्दल उलेमांची मते कमी-अधिक कडक आहेत. तो निवाडा करणे आमचे काम नाही. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की एका अन्सारी घराच्या लग्नाबाबत हुजूर (सल्ल.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांना तिथे मन रमवण्यासारखे काही होते की नाही असे विचारले होते, ही हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. बायकांनी बायकांत बसून, मर्यादेत राहून म्हटलेले गाणे आणि रस्त्यावरचा गोंगाट यांना एका मापाने मोजू नये, असे आम्हाला वाटते.

आता काळजीची गोष्ट. खालांना अशी साठ-सत्तर गाणी येत होती. अलीकडे त्यांना नावे आठवत नाहीत, सकाळचे संध्याकाळी आठवत नाही. गाण्याची पहिली ओळ कोणी दिली तर पुढचे अजून येते. पण पहिली ओळ देणारे हवे ना! त्यांच्या मैत्रिणी एकेक करून गेल्या. आम्हा बहिणींना गाणी अर्धीमुर्धी येतात, आमच्या मुलींना एकही नाही. भाची आता दर जुम्याला माहेरी येते, खालांपाशी बसते आणि मोबाईलवर त्यांचा आवाज टिपून घेते. आतापर्यंत तेवीस गाणी झाली. गाण्याखाली खालांचे नाव आणि गावाचे नाव ती न चुकता लिहिते. आईचे नाव असलेले ते गाणे तिने सर्वांत आधी टिपले.

वाचक भगिनींनो, तुमच्या घरातही कोणी दादी, नानी, फुप्पू, खाला असेल. तिच्यापाशी बसा. ‘मला गाणे शिकव’ म्हटले तर ती लाजेल. म्हणून हातात काही काम घ्या, तांदूळ निवडा, शेवया वळा, आणि तुम्हाला येत असलेली एखादी ओळ चुकीचीच म्हणा. ती तुमची चूक दुरुस्त करील आणि मग थांबणार नाही. गाणे उर्दू लिपीत लिहा, देवनागरीत लिहा, पण जसे ती म्हणते तसेच लिहा. ‘नक्को’चे ‘नहीं’ करू नका. कोणत्या प्रसंगी म्हणतात, मोकळ्या जागी कोणाचे नाव घालतात, हेही लिहून ठेवा.

आणि तुमच्या मुलांना आवडणाऱ्या गाण्यांना हसू नका. शब्द न कळणारे परदेशी गाणे चार मैत्रिणी गळ्यात गळा घालून म्हणतात, तेव्हा त्यांनाही एकमेकींशी काहीतरी बोलायचे असते. त्यांना त्यांचे गाणे म्हणू द्या, आणि कधीतरी रात्री दिवे मालवल्यावर दादीचेही ऐकवा. पुढे आयुष्यात जे कोणाला सांगता येणार नाही असे काही त्यांच्याही वाट्याला येईल. त्या वेळी त्यांच्या ओठांवर एखादी घरची ओळ असावी, एवढीच आमची दुआ आहे.