झुल्याचे दार कोणत्या बाजूला?
तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यात, चांदपूरच्या जलाशयाकाठी झुल्यात विसावण्याचे सुख आगळेच. मात्र पाण्याकाठी डास आलेच. म्हणून मच्छरदाणीचा झुला घ्यावा आणि आधी त्याचे दार पारखावे. काहींचे दार तळाशी असते: फटीत उभे राहून मागे बसायचे व पाय आत ओढून घ्यायचे. दुखऱ्या गुडघ्यांना हे जाचक ठरते. बाजूला चेन असलेल्या झुल्यात खुर्चीसारखे बसून मग पाय वर घेता येतात. भार पडल्यावर बैठक गुडघ्याच्या उंचीला यावी आणि तळपाय जमिनीला टेकावेत, असा तो बांधावा. उठताना क्षणभर बसून मगच उभे राहावे. रात्री कोणालाही हाक न मारता आपल्याला बाहेर येता यावे, हीच दाराची खरी कसोटी.